उजवीकडे सरकलेला वक्र

हार्लो, एसेक्स, एकोणीसशे एकोणसत्तर.
पहिल्याच सकाळी डोरीन पिकेटने मला आतडं टांगायला शिकवलं,
गिनीपिगचं, दोन सेंटिमीटर,
कोमट क्षारपाण्यात, खालून प्राणवायूचे बुडबुडे.
"दोरा ओढू नकोस गं. ते अजून जिवंत आहे."
थेंब टाकला, ते आवळलं,
काजळी धरलेल्या ड्रमवर पांढरी रेघ वर चढली.
धुतलं. रेघ खाली.
दिवसभर मी कुणाची तरी नाडी धरून बसल्यासारखी बसले
आणि जेवायचं विसरले.

सगळे म्हणत, कुलूप आणि किल्ली.
मला ते कधी पटलं नाही.
मला दिसायची पंगत,
आणि पाटावर येऊन बसलेला एक पाहुणा,
जो जेवत नाही, उठतही नाही,
नुसती जागा अडवतो.
त्याच्याशी भांडायचं नसतं.
दाराशी भुकेल्यांची गर्दी वाढवायची, दसपट, शंभरपट,
रेटारेटीत पाट मोकळा होतो
आणि शेवटी जेवणावळ तेवढीच उठते.
आलेखावर इतकंच दिसतं:
वक्र उजवीकडे सरकला. उंची तीच.

डॉक्टर लॅथबरी मला शेवटपर्यंत "मिस गेझस" म्हणाले.
घैसास म्हणायला जीभ कुठे अडते, मी विचारलं नाही.
बढतीच्या यादीत माझं नाव दर वर्षी
पुढच्या वर्षी.
वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं मी एकदा:
परिणाम तोच, मात्रा दसपट.
मग खोडलं. वही कंपनीची होती.

चव्वेचाळीसशे सतरा.
त्याच्या आधीचे चव्वेचाळीसशे सोळा कुणाला आठवतात?
मेंदूची एक बाजू अधू केलेला उंदीर
काचेच्या भांड्यात गोल गोल फिरायचा,
मी फेऱ्या मोजायचे, बोटांच्या पेरांवर, आईसारख्या.
त्या गुरुवारी तो थांबला.
कडेला बसून त्याने मिशा पुसल्या.
डोरीन म्हणाली, "चहा ठेवते,"
आणि किटली न भरताच बटण दाबलं.

पुढे माणसं आली. कंपवाताची,
औषधानेच ज्यांचे हातपाय फेकले जात अशी.
मी त्यांना पाहिलं नाही, फक्त त्यांचे क्रमांक.
मग हलमधल्या दोघांच्या यकृताचे आकडे चढले,
आणि शुक्रवारी दुपारी, फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर,
बावीस वर्षं संपली.
बरोबरच होतं ते. मीही तेच केलं असतं.

महिन्याने ग्रँथमहून पत्र आलं, विनिफ्रेड ऑड्लीचं:
"अकरा आठवडे क्लिफर्डने आपले बूट आपण बांधले.
उरलेल्या गोळ्या मिळतील का? धोका आम्हाला चालेल."
नियम असा, की रुग्णांशी पत्रव्यवहार नाही.
नियम चांगलाच आहे.
पत्र मी दोनशे बाराव्या पानात ठेवलं.

प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेंट्रिफ्यूज लिलावात गेले,
आतड्यांच्या काचनळ्या कुणी घेतल्या नाहीत.
दोन मी आणल्या. एकीत आता कोथिंबिरीच्या काड्या.

परवा डंडीहून एका पोराचा फोन.
चव्वेचाळीसशे सतरा आता कॅटलॉगमध्ये मिळतो,
दहा मिलिग्रॅम, चौऱ्याऐंशी पौंड,
"फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही."
शोधनिबंधात माझं नाव सापडलं म्हणे.
पाण्यात विरघळत नाही, काय करू?
म्हटलं, थोडं कोमट कर. हलवू नकोस जोराने.
तासाभराने त्याचा पुन्हा फोन: सरकला!
कुठे?
उजवीकडे.
आणि उंची?
तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी परीक्षा घेतेय.

रात्री दोनशे बारावं पान उघडलं.
त्या पत्त्यावर आता कोण राहतं, ठाऊक नाही.
अठरा वर्षं झाली. तरी तारीख घातली,
आणि प्रिय मिसेस ऑड्ली, असं लिहून बराच वेळ थांबले.
मग जे खरंच विचारायचं होतं तेच विचारलं:
बूट कुठल्या रंगाचे होते?